अर्ध्यावर सोडलेला ठोसा

ओसाकाच्या कॅपकॉम कंपनीत ‘स्ट्रीट फायटर टू’ची जुळवाजुळव चालली होती. दोन लढवय्यांच्या या खेळात मधेच एक बोनस फेरी येते. तिथे समोर प्रतिस्पर्धी नसतो, नुसती उभी मोटार असते, आणि ठरलेल्या वेळात ठोसे-लाथांनी तिचा चुराडा करायचा असतो. निर्माते नोरिताका फुनामिझु या फेरीतले बग तपासत होते. तपासता तपासता त्यांना जाणवले की एका ठोशाच्या वेळात कधीकधी दुसराही ठोसा लागून जातो. त्यांनी तो भाग व्हिडिओ टेपवर घेतला आणि सहकाऱ्यांसोबत पुन्हा पुन्हा पाहिला. शंका खरी निघाली. पहिल्या फटक्याची हालचाल पुरी होण्याआधीच तिच्यात दुसरा फटका घुसवता येत होता.

पण त्यासाठी बटण दाबण्याची वेळ इतकी काटेकोर साधावी लागे, की हे कुणाला जमेल असे फुनामिझुंना वाटले नाही. म्हणून ती गोष्ट त्यांनी काढली नाही, जाहीरही केली नाही. १९९१ साली खेळ बाजारात आला आणि जगभरच्या आर्केडमधल्या पोरांनी ती गोष्ट शोधून काढली. आज लढाईच्या कुठल्याही खेळात ज्याला ‘कॉम्बो’ म्हणतात, त्याचे मूळ सर्वसाधारणपणे इथे मानले जाते. आणि ऑनलाइन खेळांत ज्या ‘ॲनिमेशन कॅन्सल’वरून खेळाडू एकमेकांना चोर ठरवतात, तीही याच घराण्यातली पोरे आहेत.

हे घराणे समजून घ्यायचे तर ॲनिमेशन खेळात नेमके काय काम करते ते आधी पाहावे लागते. चित्रपटात ॲनिमेशन दिसण्यासाठी असते. लढाईच्या खेळात ते वेळ मोजते. ‘स्ट्रीट फायटर’सारखा खेळ सेकंदाला साठ फ्रेमच्या वेगाने चालतो आणि प्रत्येक फटक्याचे तीन तुकडे असतात. पहिल्या तुकड्यात हात मागे जातो, पण अजून लागत काहीच नाही. दुसऱ्यात हात पुढे आलेला असतो आणि त्याच्याभोवती आखलेला, डोळ्यांना न दिसणारा चौकोन प्रतिस्पर्ध्याच्या अंगावरच्या चौकोनाला भिडला तर मार लागतो. तिसऱ्यात हात परत येतो. खेळाडू यांना स्टार्टअप, ॲक्टिव्ह आणि रिकव्हरी म्हणतात. आपण उचल, मार आणि सावर म्हणू. सावर चालू असेपर्यंत तुमचा लढवय्या तुमचे ऐकत नाही. बचाव नाही, उडी नाही, काही नाही.

म्हणजे प्रत्येक फटका उधारीवर घेतलेला माल आहे. मारायचे आता, किंमत चुकवायची सावरताना. हलक्या ठोशाची उधारी थोडी, जबरदस्त लाथेची मोठी. खेळाचा सगळा डाव या हिशेबावर उभा असतो. समोरच्याने मोठी लाथ मारली, ती हुकली, की त्याची उधारी फिटेपर्यंत तो तुमच्या हातात सापडलेला असतो. कॅन्सल म्हणजे ही उधारी बुडवण्याची युक्ती. मार लागला, पण सावर सुरू होण्याआधीच दुसरी हालचाल सुरू झाली आणि पहिल्या हालचालीचे राहिलेले चित्र, राहिलेल्या वेळेसकट, पुसले गेले.

चित्र आणि वेळ यांची ही गाठ कॅपकॉमच्या आधीची आहे. जॉर्डन मेक्नर या अमेरिकी तरुणाने येल विद्यापीठात शिकत असताना ॲपल टू संगणकासाठी ‘कराटेका’ हा खेळ केला. तो १९८४ साली आला. त्यासाठी मेक्नरने आपल्या कराटेच्या शिक्षकांच्या हालचाली सुपर एट फिल्मवर टिपल्या आणि एकेक चौकट गिरवून पडद्यावर उतरवल्या. पुढे ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’साठी (१९८९) त्याने धाकट्या भावाला पळायला आणि उड्या मारायला लावून त्याचा व्हिडिओ घेतला. त्या राजपुत्राचे धावणे आजही पाहत राहावे असे आहे. पण धावता धावता त्याला वळवा: तो आधी पाय रोवतो, अंग फिरवतो, मग उलटा निघतो. खऱ्या माणसाला लागतो तेवढा वेळ तोही घेतो, कारण त्याच्याकडे खऱ्या माणसाच्या चौकटी आहेत. चित्र जितके सुंदर आणि पूर्ण, तितका खेळाडूचा हात बांधलेला. हा पेच तेव्हापासून आजतागायत सुटलेला नाही. ॲनिमेशन काढणाऱ्याला हालचाल पूर्ण झालेली हवी असते आणि खेळणाऱ्याला बटण दाबल्याबरोबर ती मोडता यायला हवी असते. कॅन्सल या दोन इच्छांच्या मधल्या फटीत जन्मले.

कॅपकॉमच्या बाबतीत ती फट कशी पडली? १९८७ सालच्या पहिल्या ‘स्ट्रीट फायटर’मध्ये हाडोकेनसारख्या खास चाली काढणे महाकठीण होते. जॉयस्टिक पाव वर्तुळात फिरवून अचूक क्षणी बटण दाबावे लागे आणि यंत्र बहुतेक वेळा ते ओळखतच नसे. दुसऱ्या भागाचे रचनाकार अकिरा निशितानी आणि अकिरा यासुदा यांच्या चमूने खास चाली सर्वसाधारण खेळाडूच्या आवाक्यात आणल्या. इशारा ओळखण्यात यंत्राने जरा सैल राहायचे, असा त्याचा अर्थ. पण साध्या फटक्याचे ॲनिमेशन चालू असतानाही काही चालींच्या बाबतीत यंत्र नवा इशारा ऐकत राहिले, आणि ऐकला की जुने ॲनिमेशन सोडून नव्याला लागले. र्यू या लढवय्याची खाली बसून मारलेली मधली लाथ लागते, त्याच क्षणी हाडोकेनचा इशारा होतो, आणि लाथेची सावर येण्याआधी हातातून निळा गोळा सुटतो. समोरचा अजून लाथेने हेलपाटतो आहे, तोवर गोळा त्याच्यावर आदळतो. अमेरिकेतल्या आर्केडमध्ये याला ‘टू-इन-वन’ म्हणत.

यापुढची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आर्केडचा खेळ चिपमध्ये कोरलेला असे. मशीनच्या मालकाने बोर्ड विकत घेतला की त्यातल्या चुकाही त्याच्या झाल्या. कंपनीला पस्तावा झाला तरी दुकानोदुकानी जाऊन बोर्ड बदलणे शक्य नव्हते. नवी आवृत्ती निघेल तेव्हा निघेल, आणि ती मालकाने पैसे मोजून घेतली तर तुमच्या गल्लीत पोचेल. मुंबई-पुण्याच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये तर जुनेच बोर्ड वर्षानुवर्षे चालत राहिले. त्यामुळे प्रत्येक चुकीला आयुष्य मिळाले. ती कुणाला तरी सापडायची, तिची अफवा व्हायची, कुणी ती घोटून हातात बसवायचा, मग दुसरा कुणी तिच्यावर उतारा शोधायचा. चूक वयात यायला जो वेळ लागतो, तो त्या चिपने दिला.

सगळ्याच चुका टिकल्या नाहीत. ‘स्ट्रीट फायटर टू’च्या त्याच पहिल्या आवृत्तीत गाइल या अमेरिकी सैनिकाच्या काही करामती कुप्रसिद्ध होत्या. त्यातली एक म्हणजे न दिसणारी फेक: गाइल दूर उभा, हात हलला नाही, आणि प्रतिस्पर्धी उचलून आपटला जातो. दुसरीला खेळाडू ‘हातकड्या’ म्हणत. त्यात समोरचा गाइलला अदृश्यपणे बांधला जाई. आणखी एकीने अख्खे मशीन थिजून बसे. या करामतींवर प्रावीण्य मिळवून कुणी मोठा खेळाडू झाला नाही, नंतरच्या आवृत्त्यांत त्या राहिल्या नाहीत, आणि त्यांच्यासाठी कुणी हळहळले नाही. कॉम्बो मात्र राहिला. १९९३ च्या ‘सुपर स्ट्रीट फायटर टू’मध्ये तर पडद्यावर लागोपाठ बसलेल्या फटक्यांची मोजणी येऊ लागली आणि त्यासाठी गुण मिळू लागले. फुनामिझुंनी टेपवर पकडलेल्या बगाला दोन वर्षांत कंपनीनेच गुणपत्रिका दिली. पुढे ‘स्ट्रीट फायटर सिक्स’च्या (२०२३) सराव विभागात तर पडद्याच्या तळाशी रंगीत पट्टी येते आणि प्रत्येक हालचालीची उचल, मार, सावर फ्रेम-फ्रेमने मांडून दाखवते.

हा फरक का पडला? दोन्ही गोष्टी चुकूनच झाल्या होत्या. दोन्ही हातात बसवायला सराव लागत होता. कॉम्बोने सामना लवकर संपत होता, म्हणजे तोही निरुपद्रवी नव्हता. उत्तर शोधताना मला असे दिसते की ॲनिमेशनला दोन वाचक असतात. फटका मारणाऱ्यासाठी ते किंमत असते, आणि ज्याच्यावर फटका येतो त्याच्यासाठी ती बातमी असते. खांदा मागे गेला म्हणजे ठोसा येतो आहे. गुडघा वाकला म्हणजे उडी. कॉम्बो मारणारा किंमत बुडवतो, पण बातमी लपवत नाही. लाथ दिसते, गोळा दिसतो, आणि जिथे लाथ अडवली तिथे पुढचे सगळे फुकट जाते. गाइलच्या अदृश्य फेकीत बातमीच मारली जाते. चित्र सांगते एक आणि घडते दुसरेच. खेळाडूंनी नकळत हाच निकष लावला असे मला वाटते, आणि पुढच्या घराण्याची कहाणी याच निकषावर तपासून पाहण्यासारखी आहे.

जपानी खेळाडू एका प्रकाराला ‘कारा’ कॅन्सल म्हणतात. १९९९ च्या ‘स्ट्रीट फायटर थ्री : थर्ड स्ट्राइक’मध्ये पकडून फेकण्यासाठी दोन बटणे एकदम दाबायची असतात. माणसाची दोन बोटे एकाच साठांश सेकंदात पडतील याचा भरवसा नाही, म्हणून यंत्र पहिल्या बटणानंतर दोन-तीन फ्रेम थांबून वाट पाहते. तेवढ्यात पहिल्या बटणाचा फटका सुरू झालेलाच असतो. काही फटक्यांत लढवय्या सुरुवातीलाच पाऊल पुढे टाकतो. ते पाऊल पडले आणि लगेच फेकीचा इशारा केला, की फटका बाहेर न येता विरतो, पाऊल मात्र पडलेले राहते, आणि फेकीचा पल्ला वाढतो. बोटांच्या अडखळण्याबद्दल दाखवलेल्या दयेतून ही युक्ती निघाली. ती दिसायला पुसट आहे, पण खोटी नाही. लढवय्या खरोखर पुढे सरकलेला दिसतो. ती स्पर्धांत मान्य झाली, इतकी की चुन-लीसारखे पात्र खेळणाऱ्याला ती यावीच लागते.

२००१ च्या ‘कॅपकॉम व्हर्सेस एसएनके टू’मधला ‘रोल कॅन्सल’ हा तिचा सख्खा भाऊ, पण स्वभावाने वेगळा. या खेळात काही शैलींमध्ये लढवय्या जमिनीवर गडगडत पुढे जाऊ शकतो आणि गडगडताना त्याला फटका लागत नाही. पहिल्या तीन फ्रेममध्ये हे गडगडणे मोडून खास चाल काढली, की गडगडण्याचे चित्र जाते, पण अंगावर चढलेले कवच उतरायचे राहून जाते. ब्लांका हा लढवय्या अंगातून वीज काढतो. नेहमीच्या विजेला तोड आहे. रोल कॅन्सल केलेल्या विजेला मार लागतच नाही, आणि दोन्ही विजा हुबेहूब सारख्या दिसतात. इथे चित्र खोटे बोलते. गेमक्यूब आणि एक्सबॉक्ससाठी निघालेल्या नंतरच्या आवृत्त्यांतून कॅपकॉमने हा प्रकार काढून टाकला. गंमत म्हणजे चुरशीच्या स्पर्धा जुन्याच आवृत्तीवर होत राहिल्या, आणि या खेळाचे जाणकार आजही दोन तट करून वाद घालतात. एक म्हणतो, तीन फ्रेमची खिडकी साधणे हे कसब आहे. दुसरा म्हणतो, मला दिसलेच नाही त्याच्याशी मी लढू कसा? मी दुसऱ्याच्या बाजूचा आहे.

‘टेकन’ या मालिकेत कोरियाचे नाव लागलेली एक युक्ती आहे, कोरियन बॅकडॅश. मागे उडी मारून सरकण्याच्या हालचालीला सावर असते. ती संपेपर्यंत पुन्हा सरकता येत नाही. पण मधेच खाली बसण्याचा इशारा केला की सरकणे तुटते, आणि बसणेही पुरे व्हायच्या आत पुन्हा मागे सरकता येते. मनगट लयीत चालू लागले की लढवय्या समोर तोंड ठेवून झरझर मागे जातो आणि समोरच्याचे फटके हवेत जातात. यात लपवण्यासारखे काहीच नाही, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चालते. म्हणूनच हे तंत्र एका भागातून पुढच्या भागात जात राहिले आणि ‘टेकन’च्या बाराखडीचा भाग झाले. लाहोरच्या आर्केडमध्ये तयार झालेल्या अर्सलान सिद्दीक म्हणजे अर्सलान ॲशने २०१९ मध्ये आधी जपानमधली आणि मग लास वेगासमधली इव्हो ही लढाईच्या खेळांची स्पर्धा जिंकली. लास वेगासच्या अंतिम लढतीत समोर कोरियाचा नामवंत खेळाडू नी होता. त्या सामन्यांतली मागे-पुढे सरकण्याची हालचाल पाहावी. कुणाच्या तरी प्रोग्रॅममध्ये राहिलेली फट दोन देशांच्या खेळाडूंनी किती घोटून घोटून सुरेख केली, ते तिथे दिसते.

काही कंपन्यांनी या फटीला दार बसवले. आर्क सिस्टीम वर्क्सच्या ‘गिल्टी गिअर एक्स’मध्ये (२०००) ‘रोमन कॅन्सल’ आले. लढाईत साठत जाणाऱ्या ऊर्जेचा अर्धा साठा मोजा आणि लागलेल्या फटक्याचे ॲनिमेशन जिथे असेल तिथे तोडा. तोडताना पडद्यावर लखकन चमकते, म्हणजे समोरच्यालाही कळते. किंमत रद्द झाली, पण तिच्या जागी दुसरी किंमत आली, आणि बातमी तर आणखी ठळक झाली. माझ्या मते या घराण्यातला हा सर्वांत शहाणा वंशज.

आता ऑनलाइन. इथे घराण्याची वस्ती बदलली आणि स्वभावही.

बंजी कंपनीचा ‘हेलो टू’ हा नेमबाजीचा खेळ ९ नोव्हेंबर २००४ रोजी एक्सबॉक्सवर आला आणि लाखो लोक घरबसल्या एकमेकांशी लढू लागले. काही महिन्यांत ‘बीएक्सआर’ ही अक्षरे ज्याच्या त्याच्या तोंडी झाली. बी बटणाने बंदुकीचा दस्ता हाणायचा. एक्सने बंदूक भरायला घ्यायची, म्हणजे दस्त्याची सावर तुटते. लगेच उजवा ट्रिगर दाबून डोक्यात गोळी. दस्त्याने चिलखत जाते, गोळीने जीव, आणि समोरच्याला पलटवार करायला वेळच उरत नाही. बंदूक भरण्याच्या ॲनिमेशनचा उपयोग बंदूक न भरण्यासाठी झाला. २००७ च्या ‘हेलो थ्री’मध्ये हे राहिले नाही. पण त्याची चुलत भावंडे आज मोबाईलवर खेळणाऱ्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असतात. बऱ्याच नेमबाजीच्या खेळांत गोळ्यांचा आकडा बंदूक भरण्याचे चित्र संपण्याच्या थोडा आधीच बदलतो. आकडा बदलताच शस्त्र बदलून परत आणले की उरलेले चित्र वाचते.

पण ऑनलाइन कॅन्सलची खरी राजधानी कोरियात होती. मायेट एंटरटेनमेंटचा ‘गन्झ : द ड्युएल’ २००३ च्या सुमारास तिथे आला आणि पुढच्या काही वर्षांत परदेशी सर्व्हरवर पसरला. रचनाकारांच्या मनात एक सिनेमा होता. लढवय्ये भिंतींवरून धावतात, हवेत कोलांट्या घेतात, एका हातात तलवार आणि दुसऱ्या क्षणी बंदूक. खेळाडूंनी त्या सिनेमाची एकेक हालचाल मोडून पाहिली. उडी मारायची, दिशेचे बटण दोनदा दाबून हवेत झेप घ्यायची, तलवारीचा वार करायचा आणि लगेच बचाव. बचावाने वाराची सावर खोडली जाते. पाय टेकले की पुन्हा उडी. या चक्राला ‘बटरफ्लाय’ म्हणत. त्यात दर खेपेला बचाव येतो, आणि या खेळात तलवारीचा बचाव समोरून येणाऱ्या गोळ्या परतवतो. म्हणजे लढवय्या सतत उडतो आहे, सतत वार करतो आहे आणि सतत झाकलेलाही आहे. वार तोडून शॉटगन काढायची, एक बार, लगेच दुसरी शॉटगन, म्हणजे पहिलीचे खटके ओढायचे चित्र पाहावे लागत नाही. या सगळ्याला मिळून ‘के-स्टाईल’ हे नाव पडले.

के-स्टाईल येणाऱ्या आणि न येणाऱ्या माणसांचे दोन वेगळे खेळ झाले. नवखा खोलीत यायचा, रचनाकारांनी आखलेल्या रीतीने धावायचा, भिंतीवर चढायचा, आणि त्याच्यासमोर एक लढवय्या हवेत थरथरत, लुकलुकत येऊन त्याला संपवायचा. वेगळ्या खोल्या निघाल्या. के-स्टाईल न वापरण्याच्या अटीवर खेळणाऱ्यांची शैली युरोपच्या नावाने ओळखली जाऊ लागली. के-स्टाईलवाल्यांच्या घरी मात्र बोटे दुखेपर्यंत सराव चाले. एका सेकंदात इतक्या कळा, तेही न चुकता एकाच क्रमाने. बटरफ्लायनंतर दुहेरी बटरफ्लाय, मग अर्धे पाऊल, अशी बाराखडीवर बाराखडी चढत गेली. रचनाकारांनी न लिहिलेले हे शास्त्र मुलांनी एकमेकांना शिकवून उभे केले. लढाईच्या खेळांच्या इतिहासात याच्या तोडीची सामूहिक कामगिरी मला फार थोडी आठवते.

पण आर्केडमध्ये नसलेली एक गोष्ट इथे मधे होती: इंटरनेटची तार. ‘गन्झ’मध्ये खेळाडूंचे संगणक थेट एकमेकांशी बोलत, आणि फटका लागला की नाही हे ज्याच्यावर तो मारला त्याचा संगणक ठरवी. म्हणून नेम माणसावर धरून उपयोग नसे. तो काही क्षणांनी जिथे असेल त्या मोकळ्या जागेवर गोळी झाडावी लागे. लुकलुकत उडणाऱ्याच्या बाबतीत तर पडद्यावर दिसतो तो लढवय्या म्हणजे जुनी बातमी. पुढे चाहत्यांनी चालवलेल्या खासगी सर्व्हरवर हे उलटे करण्यात आले, म्हणजे मारणाऱ्याला दिसते ते खरे. मग मार खाणारा तक्रार करू लागला की मी भिंतीआड गेलो होतो. तारेतून बातमी उशिराच पोचणार, आणि तो उशीर दोघांपैकी एकाच्या माथी मारावाच लागणार.

फ्रॉमसॉफ्टवेअरच्या ‘डार्क सोल्स’मध्ये (२०११) उघड युक्ती आणि तारेचा उशीर यांतला फरक लख्ख दिसतो. इथे तलवारी जड आहेत, ॲनिमेशन लांबलचक आहे, एकदा उचललेला वार परत घेता येत नाही, आणि खेळाची सारी भीती आणि सारे वैभव त्या जडपणात आहे. कुणी दुसऱ्याच्या जगात शिरून हल्ला करू शकतो. खेळाडूंनी ‘टॉगल एस्केप’ शोधले. फटके खात झोकांड्या खाताना नेमक्या क्षणी हातातले शस्त्र बदलले की झोकांडीचे ॲनिमेशन तुटते आणि माणूस निसटतो. हे उघड दिसते, त्याला उत्तरही देता येते, आणि जुने खेळाडू त्याला कसब म्हणतात. त्याच खेळात पाठीत खंजीर मारण्याची चाल आहे, आणि ती तारेच्या उशिरामुळे बदनाम झाली. माझ्या पडद्यावर मी तुमच्याकडे तोंड करून उभा असतो. तुमच्या पडद्यावर मात्र माझी पाठ असते, कारण मी वळलो ही बातमी तुमच्यापर्यंत अजून आलेलीच नसते. तुम्ही वार करता आणि माझ्या पडद्यावर मी समोर पाहत असताना पाठीत भोसकला जातो. यात तुमची लबाडी नाही. तरीही राग येतो, कारण चित्राने मला फसवले.

आणि मग ‘फॉर ऑनर’. यूबीसॉफ्ट माँट्रियलचा हा तलवारबाजीचा खेळ फेब्रुवारी २०१७ मध्ये आला. त्यात प्रतिस्पर्ध्यावर नजर खिळवून लढायचे असते. वार वरून, डावीकडून किंवा उजवीकडून येतो, येणारी दिशा खुणेने दिसते, आणि त्या दिशेला ढाल धरायची. जड वार अर्ध्यावर सोडून फसवण्याची सोय रचनाकारांनी मुद्दाम दिली होती, आणि त्यासाठी दम खर्च होतो. म्हणजे कायदेशीर कॅन्सल, किमतीसह. पण खेळाडूंना आढळले की वाराच्या मधेच खिळवलेली नजर सोडली, तर काही वारांचा हिशेब बिघडतो आणि अडवायला हवा तो वार अडत नाही. याला ‘अनलॉक टेक’ म्हणू लागले. त्या वर्षी ऑगस्टमध्ये कंपनीनेच स्पर्धा भरवली, बक्षीस दहा हजार डॉलर. विजेत्याने थेट प्रक्षेपणात हाच प्रकार वापरून सामने जिंकले. नियमांत बंदी नव्हती, म्हणून त्याला दोष देता येत नाही. पण समालोचन करणाऱ्यांना पडद्यावर नेमके काय चालले आहे हे प्रेक्षकांना समजावून सांगताना अवघड झाले. नंतर दुरुस्ती झाली.

‘गन्झ’ आणि ‘फॉर ऑनर’ यांच्यामधल्या काळात जे बदलले ते म्हणजे पॅच, म्हणजे तारेवरून घरोघरी पोचणारी दुरुस्ती. आता चुकीला चिपचे अभय नाही. सोमवारी सापडलेली युक्ती शुक्रवारी काढता येते, आणि ती मोठी होऊन काय झाली असती हे कधीच कळत नाही. ‘अनलॉक टेक’ काढले यात मला आनंदच आहे. पण टू-इन-वन १९९१ ऐवजी आज सापडले असते, तर पहिल्याच आठवड्यात कुणीतरी त्याची तक्रार केली असती, आणि कंपनीने ते ‘दुरुस्त’ केले असते. मायेटने ‘गन्झ टू’ काढला तेव्हा त्यात जुनी के-स्टाईल जशीच्या तशी चालत नव्हती, आणि जुने खेळाडू जुन्याच खेळाच्या खासगी सर्व्हरवर थांबले. म्हणून पॅच लिहिणाऱ्यांनी आधी विचारावे: हा प्रकार समोरच्याला दिसतो का? दिसत असेल तर थोडे थांबावे आणि उत्तर शोधायला लोकांना अवधी द्यावा.

तारेचा उशीर झाकण्यासाठी निघालेला उपायही या घराण्याला येऊन भिडतो. टोनी कॅनन यांनी २००६ च्या सुमारास ‘जीजीपीओ’ लिहिले, तेही ‘स्ट्रीट फायटर टू’च्याच एका आवृत्तीचे ऑनलाइन रूप अडखळत चालत होते म्हणून. यात तुमचा संगणक समोरच्याचा इशारा येईपर्यंत थांबत नाही. तो काय करेल याचा अंदाज धरून खेळ पुढे नेतो, आणि खरा इशारा वेगळा निघाला तर मागे जाऊन त्या फ्रेम नव्याने चालवतो. कॉम्बोची लय त्यामुळे आर्केडसारखी राहते. पण समोरच्याने तीन फ्रेमपूर्वी ठोसा सुरू केला असेल, तर तुम्हाला त्या ठोशाच्या पहिल्या तीन फ्रेम कधी दिसतच नाहीत, हात एकदम अर्धा पुढे आलेला दिसतो. किंमत पुरी वसूल होते, बातमी मात्र अर्धवट मिळते. आज बहुतेक चांगले लढाईचे खेळ असेच चालतात आणि खेळाडूंनी ते आनंदाने स्वीकारले आहे, कारण तो तोटा दोन्ही बाजूंना सारखा आहे.

माझ्या निकषात न बसणारे एक उदाहरण आहे, आणि ते सांगितलेच पाहिजे. २००१ च्या ‘सुपर स्मॅश ब्रदर्स मेली’मध्ये ‘वेव्हडॅश’ हा प्रकार आहे: उडी सुरू होताच हवेत बगल देण्याची चाल तिरकी जमिनीकडे मारायची, म्हणजे पात्र उभ्या उभ्या घसरत जाते. तो रचनाकार मासाहिरो साकुराई यांच्या चमूला आधीच दिसला होता. त्यांनी तो राहू दिला, २००८ च्या पुढच्या भागात काढला, आणि बरेच खेळाडू जुन्याच भागाला चिकटून राहिले. याच खेळात ‘आइस क्लाइंबर्स’ ही जोडी आहे. जोडीतला एक समोरच्याला पकडतो, दुसरा एका ठरावीक लयीत टोचत राहतो, आणि पकड कधी सुटतच नाही. याला ‘वॉबलिंग’ म्हणतात. प्रतिस्पर्ध्याला गोठवून ठेवणारा याच जोडीचा दुसरा ग्लिच स्पर्धांनी कधीचाच बंद केला होता. वॉबलिंगमध्ये मात्र लपलेले काहीच नाही. एकेक टोचणी सगळ्यांना दिसते, मोजता येते. पकडीत सापडू नका, एवढेच त्याचे उत्तर, आणि सापडलात तर हात बाजूला ठेवून पाहत बसा. कुठलीही कंपनी या खेळाला पॅच देत नव्हती, म्हणून निर्णय खेळाडूंवरच आला. त्यांनी दशकाहून अधिक काळ वाद घातला, कुठे बंदी घातली, कुठे उठवली, आणि २०१९ मध्ये बहुतेक मोठ्या स्पर्धांनी ते बाद केले. आइस क्लाइंबर्स खेळणारे काही जण अजूनही तो निकाल मान्य करत नाहीत.